पंचनाम्यातली उजवी बाजू

ती घटना माझ्या डोळ्यांपेक्षा उजव्या हाताच्या तळव्याला जास्त लक्षात आहे.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर धाकट्या नातीने विचारलं, "आजी, तू कधी चुकीच्या माणसाला पकडलंस का गं?" तिला शाळेची घाई होती. मी म्हटलं, "लिहून पाठवते." चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, पण हा प्रश्न मला इतका सरळ कुणी विचारला नव्हता. उत्तर असं आहे, की पकडलं होतं. अटकेच्या कागदावर माझी सही व्हायची तेवढी राहिली होती.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी मुलुंडच्या बाजूला एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होते. कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ते स्वतःला ओळखतील.

आमच्याकडे एक चोरीचा गुन्हा वर्षभर तपासावर पडून होता. तक्रारदार सत्तरी ओलांडलेले निवृत्त प्राध्यापक होते. त्यांचा जुना बंगला पुनर्विकासाला गेला. मागच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांची विलायती रोडस्टर होती. रोडस्टर म्हणजे दोनच माणसं बसतील अशी, डोक्यावर छप्पर नसलेली, लांब नाकाची गाडी. सामान हलवण्याच्या आठवड्यात ती शेडमधून नाहीशी झाली.

प्राध्यापक दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठाण्यात येत. भांडत नसत. बाकावर बसत, पाणी पीत, "काही कळलं का?" विचारत आणि जात. फिर्यादीत ओळखीच्या खुणेच्या रकान्यात त्यांनी लिहून दिलं होतं : डाव्या पुढच्या मडगार्डवर, दिव्यापासून वीतभर मागे, तळहात मावेल एवढा पोचा.

तो पोचा त्यांनीच पाडला होता. विसाव्या वर्षी गाडी शिकताना फाटकाच्या खांबाला घासली. शेजारी वडील बसले होते. ते रागावले नाहीत आणि त्यांनी पोचा काढूनही घेतला नाही. म्हणाले, "राहू दे, ती तुझी सही आहे." हे सांगताना प्राध्यापक चष्मा पुसत. गाडीच्या किमतीबद्दल ते एकदाही बोलल्याचं मला आठवत नाही.

एका मंगळवारी सकाळी आमच्या उपनिरीक्षकांच्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारा त्यांचा खबरी होता, गॅरेजवाल्यांना सुटे भाग विकणारा. साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात त्याने ही गाडी दारातून पाहिली होती. फोटोत हिरव्यागार लांब नाकाची डावी बाजू होती, आणि मडगार्डवर पोचा स्पष्ट दिसत होता.

प्राध्यापकांना बोलावून घेतलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि पोच्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, ही आमचीच."

स्टेशन डायरीत नोंद केली, स्थानिक ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि निघालो.

साकीनाक्याचे गाळे तुम्ही मुलांनी पाहिलेले नाहीत. एका गाळ्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या, शेजारी चपलांचे तळवे, पलीकडे पॉलिशचं मशीन. सगळीकडून आवाज येतो. आमचा गाळा दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भरेल एवढा रुंद. शटर वर गेलं आणि समोर ती गाडी होती.

मी गाड्यांची शौकीन कधीच नव्हते. माझ्या लेखी गाडी म्हणजे नंबर, रंग आणि मालकाचा पत्ता. पण ती गाडी पाहून मी टोपी काढून हातात घेतली, हे मला नंतर हवालदाराने सांगितलं. नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ पाण्यासारखी वाहत होती. कुठे जोड दिसत नव्हता. ट्यूबलाइटचा उजेड तिच्यावर पडून जणू वाकत होता. त्या कळकट भिंतींमध्ये ती कुणीतरी चुकून ठेवून गेल्यासारखी वाटत होती.

गाडीशेजारी स्टुलावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. पत्र्याचं काम करणारा मिस्त्री. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर हा गॅरेजमध्ये लागला. आम्हाला पाहून तो उठला, हात पुसले.

"ही गाडी कुणाची?" उपनिरीक्षकांनी विचारलं.

"माझी."

"कुठून आणलीस?"

"आणली नाय साहेब. बनवली."

उपनिरीक्षक हसले. "बनवली? काय, तव्यावर घावणे घातलेस काय रे?"

"नऊ वर्षं लागली," मिस्त्री म्हणाला. त्याने बॉनेट उचललं. आत आजकालच्या एका छोट्या घरगुती गाडीचं इंजिन होतं. अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन त्याने रीतसर घेतलं होतं, कागद होते. ब्रेक नव्या पद्धतीचे, स्टिअरिंग एका बोटाने फिरेल असं, डॅशबोर्डखाली मोबाइल चार्ज करायची जागासुद्धा. "वरून जुनी, आतून आजची. म्हातारी दिसते पण दम लागत नाय तिला."

उपनिरीक्षकांनी पंचनामा लिहायला घेतला आणि मी मिस्त्रीला घेऊन ठाण्यावर परतले. संध्याकाळी ट्रक आणून गाडी ठाण्याच्या आवारात आणायची असं ठरलं. मिस्त्री एवढंच म्हणाला, "मॅडम, तिला उन्हापावसात उभी करू नका." आमच्या आवारात जप्त केलेल्या गाड्यांचं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. खटला संपेपर्यंत गाडीतून झाड उगवतं.

जबाब माझ्या केबिनमध्ये झाला. चौकशीत मी आरडाओरडा करत नसे. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस तपशील आधीच तयार ठेवतो आणि न विचारता देतो. खरं बोलणारा विचारलं तेवढंच सांगतो. त्यामुळे तो अडाणी किंवा लबाड वाटतो. हा अनुभव असूनही मी त्या दिवशी चुकले, म्हणून तो मुद्दाम लिहिते आहे.

"गाडीचं माप कुठून मिळालं?" मी विचारलं.

"तीस वर्षांपूर्वी मी घाटकोपरला उस्तादांकडे कामाला होतो. तेव्हा अशी एक गाडी आली होती, तळाचा पत्रा कुजला म्हणून. मी जेवणाच्या सुट्टीत तिचे फर्मे काढले."

फर्मा म्हणजे कागदी माप, शिंप्याकडे असतो तसा. त्याच्या पिशवीत गुंडाळी होती, जुन्या कॅलेंडरांची पानं. एका बाजूला तारखा आणि देवादिकांची चित्रं, मागे पेन्सिलीने काढलेले वाक आणि खाली बारीक अक्षरात नावं : डावा दरवाजा, डावं मडगार्ड पुढचं, डावं मडगार्ड मागचं.

"म्हणजे गाडीवर डोळा तीस वर्षांपासून होता," उपनिरीक्षक म्हणाले. तेही गाळ्याचं काम उरकून आले होते. "मॅडम, हा पुरावाच आहे. प्राध्यापकांची गाडी घाटकोपरला दुरुस्तीला गेली होती, त्यांनीच सांगितलंय."

प्राध्यापकांनी ते सांगितलं होतं, हे खरं होतं. तळाचाच पत्रा बदलला होता.

"आणि हा पोचा?" मी फोटो त्याच्यापुढे ठेवला. "हा कसा आला?"

मिस्त्रीने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "कसला पोचा?"

"हा काय. मडगार्डवर."

"तो पोचा नाय मॅडम. ती गाडीची ठेवण आहे."

उपनिरीक्षकांनी हात जोडले. "धन्य! चोरीच्या मालाची खूण दाखवली तर म्हणतो ठेवण. अरे, निदान बरं खोटं तरी बोल, यार."

मिस्त्रीचा चेहरा पडला. दारात उभ्या असलेल्या आमच्या हवालदाराकडे वळून तो मालवणीत म्हणाला, "देवाशपथ सांगतंय, ह्या माझ्या हातान केलंय. माका चोर म्हटल्यानी तर उद्या गाडयेची चावी कोण देतलो माका?"

हवालदार वेंगुर्ल्याचा. त्याने खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली.

त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. त्याच्या धंद्यात लोक लाखांच्या गाड्या चावीसकट सोडून जातात ते निव्वळ नावावर. एक रात्र कोठडीत गेली की ते नाव संपतं. नंतर निर्दोष सुटला तरी चावी परत येत नाही. हे मला कळत होतं. पण तीस वर्षांपूर्वीची ओळख, मापं, खूण आणि फिर्यादीने पटवलेली ओळख असं सगळं एका रांगेत उभं होतं. हा गाळा त्याने सहा महिन्यांपूर्वीच घेतला होता, त्यामुळे नऊ वर्षांच्या कामाला शेजाऱ्यांची साक्षही नव्हती. परिवहन खात्याचे निरीक्षक गाळ्यात जाऊन आले. त्यांचा फोनवरचा निरोप होता : इंजिन कागदाप्रमाणे, सांगाडा नव्या पाइपांचा, त्यावर नंबर नाही. वरचा पत्रा जुना की नवा, हे रंग खरवडल्याशिवाय सांगता येणार नाही.

"इंजिन बदललं, सांगाडा बदलला, वरचं कातडं तेच ठेवलं," उपनिरीक्षक म्हणाले. "चोर असंच करतात."

तर्क चोख होता. दुपारी तीनच्या सुमारास अटकेचे कागद माझ्या टेबलावर आले.

सही करण्याआधी मी सगळी कागदपत्रं पहिल्या पानापासून वाचते. हाताखालचे लोक या सवयीला कंटाळत. शाळेत आमच्या इंग्लिश मिसने ती लावली होती, उत्तरपत्रिका देण्याआधी शेवटची पाच मिनिटं ती वाचायचीच. मी पंचनामा वाचत गेले. गाडीची पुढची बाजू, मागची बाजू, डावी बाजू, सगळं नीट लिहिलेलं. उजव्या बाजूच्या जागी एकच ओळ होती : सदर बाजू भिंतीस लागून असल्याने दिसून आली नाही.

मी उपनिरीक्षकांना बोलावलं. "हे काय?"

"मॅडम, गाळा केवढासा. बोट जायला जागा नव्हती. संध्याकाळी ट्रक आणतोय ना, तेव्हा लिहून टाकू."

"गाडीला चार बाजू असतात. मी तीन बाजूंवर सही करत नाही."

"एका बाजूसाठी परत साकीनाका? या ट्रॅफिकमध्ये?"

"जीप काढा. प्राध्यापकांना घ्या आणि मिस्त्रीलाही."

खरं सांगते, मला तेव्हा कसलाही संशय आला नव्हता. रिकामी जागा मला सहन होत नाही, एवढंच कारण होतं.

गाळ्यासमोर पोचेपर्यंत साडेचार झाले. शेजारच्या गाळ्यांतली माणसं काम सोडून बाहेर आली होती. मिस्त्रीने हँडब्रेक सोडला, दोन शिपायांना "नाकाला नको, बाजूला हात लावा" असं बजावलं आणि गाडी हळूच बाहेर ढकलली. उन्हात आल्यावर तिचा हिरवा रंग इतका खोल दिसला की गर्दीतून कुणीतरी "आईशप्पथ!" म्हणालं.

प्राध्यापक डाव्या बाजूला गेले. त्यांनी पोच्यावर हात ठेवला. हात बरोबर मावला. ते डोळे मिटून उभे राहिले.

मी उजव्या बाजूला गेले. वही उघडून पुढून सुरुवात केली. पत्रा तापला होता. उजव्या मडगार्डवरून तळवा मागे नेत गेले आणि दिव्यापासून वीतभर अंतरावर तो खाली उतरला.

मी हात उचलला आणि पुन्हा ठेवला. सकाळी डावीकडे हाताला लागली होती तेवढीच खोली, तोच उतार, वरच्या कडेला तीच बारीक धार. घरी पितळी पातेल्यांवर आयुष्यभर पोचे पाहिलेले आहेत. दोन पोचे कधी सारखे नसतात. आणि हा तर आरशात पाहावा तसा होता, डाव्याचा उजवा झालेला.

"टेप आणा," मी म्हटलं. हवालदाराने टेप धरला. दिव्यापासूनचं अंतर, लांबी, रुंदी, खोली. डावीकडे जे आकडे तेच उजवीकडे, मिलिमीटरचाही फरक नाही.

खांबाला घासून एका बाजूला पोचा पडतो. दोन्ही बाजूंना, एकाच जागी, एकाच मापाचा, एकमेकांचं प्रतिबिंब असलेला पोचा कुठल्याही अपघाताने पडत नाही. तो फक्त माणसाच्या हाताने, मुद्दाम, माप लावून घडवता येतो.

"मिस्त्री," मी म्हटलं, "उजवीकडेही आहे हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही डाव्याचंच विचारलंत मॅडम," तो म्हणाला. "आणि दोन्हीकडं असणारच ना? गाडी आहे ती."

मग सगळं उलगडलं. त्यांच्या धंद्यात फर्मा एकाच बाजूचा काढतात. दुसऱ्या बाजूला तोच कागद उलटा करून लावायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. उस्तादांच्या गॅरेजमध्येही मूळ गाडी उजव्या अंगाने भिंतीला लागून उभी होती. काम संपून ती परत गेली तेव्हा हा गणपतीला गावी गेला होता. गाडीची उजवी बाजू त्याने जन्मात पाहिली नव्हती. डाव्या मडगार्डवरचा खळगा ही विलायती कारागिराची करामत आहे, असं धरून त्याने तो कागदावर उतरवला, तीस वर्षं जपला आणि दोनदा घडवला.

मी त्याला सांगितलं, की मूळ गाडीवर तो पोचाच होता. प्राध्यापकांनी विसाव्या वर्षी खांबाला गाडी घासली होती.

तो शेजारच्या गाळ्याच्या पायरीवर बसला. "पोचा होता?" त्याने प्राध्यापकांना विचारलं. "साधा पोचा?"

"साधा पोचा," प्राध्यापक म्हणाले.

"अकरा दिवस लागले मला ती ठेवण उतरवायला. तीन पत्रे फुकट गेले. मी म्हणायचो, काय डोकं असेल त्या माणसाचं, इथे असा वाक दिला!"

आमचा हवालदार इतका वेळ ओठ दाबून होता. तो फुटलाच. "अरे, एक पोचो होतो, तू दोन केलंस मरे!"

सगळी गल्ली हसली. उपनिरीक्षकही हसले. मिस्त्री शेवटी हसला. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांचा हात अजून डाव्या मडगार्डवर होता. ते हळूच म्हणाले, "म्हणजे ही आमची नाही."

अटकेचे कागद मी तिथेच जीपच्या बॉनेटवर रद्द केले. पंचनाम्यात उजवी बाजू स्वतःच्या हाताने लिहिली, मापांसह. निघताना मिस्त्रीला म्हटलं, "मला दाखवा, कसं करता ते." त्याने पत्र्याचा एक सपाट तुकडा वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी मोगरीने हलके ठोके द्यायला लागला. दहा मिनिटांत पत्र्याला पोट आलं, मग खांदा आला. तो पत्र्याकडे बघतही नव्हता. डावा हात खाली फिरत होता आणि उजवा त्याचं ऐकत होता. मी आयुष्यात कितीतरी हात पाहिले, बेड्या घालताना, ठसे घेताना, हस्ताक्षराचे नमुने घेताना. त्या दिवशी वाटलं, हातांकडे आपण नेहमी काहीतरी शोधण्यासाठीच पाहिलं. ते काय करू शकतात, हे बघायचं राहूनच गेलं.

मूळ गाडी दीड महिन्याने सापडली. सापडली म्हणजे तिची नंबरप्लेट सापडली, गोवंडीच्या एका भंगाराच्या गोदामात. शेड रिकामी करणाऱ्या मुकादमाने ती पहिल्याच आठवड्यात कापून विकली होती. त्याच्यावर आरोपपत्र गेलं. प्राध्यापकांना ते सांगायला मी स्वतः गेले. नंबरप्लेट मांडीवर घेऊन ते बसले. मग म्हणाले, "मॅडम, त्या मिस्त्रींना भेटता येईल?"

मी त्यांच्याबरोबर गेले. गाडीची नोंदणी व्हायची होती, म्हणून ती रस्त्यावर नेता येत नव्हती. मिस्त्रीने प्राध्यापकांना शेजारी बसवलं आणि वसाहतीच्या आवारातल्या आवारात दोन चकरा मारल्या. बाटल्यांवाले, चपलांवाले दारात उभे होते. लांब नाकाची ती हिरवी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तिच्या इंजिनाचा आवाजही आला नाही. प्राध्यापक ताठ बसले होते, वडील बाजूला असल्यासारखे.

उतरल्यावर त्यांनी मिस्त्रीला त्या सहीची गोष्ट सांगितली. वडील काय म्हणाले होते तेही सांगितलं. मिस्त्री ऐकत राहिला.

नातीला या सगळ्यातून एकच सांगायचं आहे. चुकीच्या माणसाला पकडायला आपण दुष्ट असावं लागत नाही. तीन बाजू नीट लिहून चौथीला 'दिसून आली नाही' म्हटलं की पुरतं. मी पकडलं होतं. सोडवलं मी नाही, त्या माणसाच्या चुकीने सोडवलं. त्याने गाडी अचूक बनवली असती, उजवी बाजू गुळगुळीत ठेवली असती, तर मी सही केली असती आणि समाधानाने घरी गेले असते. हे आठवलं की आजही मी उजवा तळवा उघडून बघते.

आम्ही निघालो तेव्हा उपनिरीक्षक म्हणाले, "मिस्त्री, आता कळलंय ना पोचा आहे ते? उजवा तरी काढून टाका. नोंदणीला साहेब लोक येतील, हसतील."

मिस्त्रीने फडक्याने उजवं मडगार्ड पुसलं. खळग्यात फडकं जरा रेंगाळलं.

"नको," तो म्हणाला. "डावी सही ह्यांची. उजवी माझी."